पायपेटी

गावाच्या नावातली निम्मी अक्षरं कुणी उच्चारत नाही.
लेम्स्टर म्हणायचं आणि पुढे व्हायचं.
दर मंगळवारी मी ग्विलिम ट्रॅन्टरची बोटं मोकळी करायला जाते.
डावा हात. झटक्यानंतर अंगठा तेवढा ऐकतो.

बास वाजवायचा. बँड टिकला अकरा महिने.
(म्हशीला दहा लागतात, हे मी मनात.)
रेकॉर्ड एकच. पाचशे प्रती काढल्या,
त्यातल्या निम्म्या डन्स्टनच्या बहिणीच्या खुराड्यात,
कोंबड्यांनी कव्हरवरचा डोंगर टोचून खाल्ला.

"गाणं कुठाय यात?"
"हेस्टर गेली. रेकॉर्डिंगच्या आदल्या गुरुवारी.
व्हॅनही तिचीच होती."
मग ड्रम, फिडल, आणि चॅपलच्या लिलावात
साडेचार पौंडांना घेतलेली पेटी
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेली,
हॉप सुकवायच्या भट्टीत तीन दिवस वाजवलं.
बिअरचा ग्लास जवळ आणला की त्याला अजून शिंक येते.

पेटी पायाच्या भात्याची.
पायपेटी, मी म्हटलं.
त्याने शब्द बोरासारखा तोंडात घोळवला,
आणि बी काढून ठेवावी तसा 'ट' बाजूला ठेवला.

दुसऱ्या बाजूचा शेवटून दुसरा तुकडा सात मात्रांचा.
"रूपक," मी म्हटलं.
"आम्ही त्याला डन्स्टनची चूक म्हणायचो."

मध्यावर फिडल थांबतं. बासही.
डन्स्टन काडी नुसती कडेला टेकवत राहतो.
हेस्टरच्या चार ओळी तिथे यायच्या होत्या.
जागा भरायची विसरलो, असं एका मंगळवारी म्हणतो.
दुसऱ्या मंगळवारी म्हणतो,
व्हॅनचा आवाज आल्यासारखं वाटलं होतं.
तेवढ्यात पेटीचा भाता ऐकू येतो,
एकही पट्टी न दाबलेला,
वर, खाली.

रूपकाची सम खाली असते. टाळी नाही, हात उलटा.
मी माझा हात उलटा करून दाखवते, मग त्याचा.
तो माझ्या तळहाताकडे बघतो
जणू मी काहीतरी त्यातून सांडलंय.
अंगठा हलतो. पाऊण मात्रा उशिरा.
"डन्स्टन," म्हणतो, आणि हसताना त्याला ठसका लागतो.

वहीत लिहिते: अंगठा, सुधारणा.
सुई शेवटच्या खाचेत खरखरतेय.
ब्रॉमयार्डची मिसेस प्रॉबर्ट साडेतीनपासून वाट बघत असेल,
गुडघ्यावर टॉवेल घेऊन.