विंगेतून

सन्मती म्हणाली, काका, आधी त्याला सांगायचं
तो कोण, तुम्ही कोण, वेळ काय, जागा कुठली.
मग पहिलं वाक्य टाकायचं
आणि गप बसायचं.
ह्याला प्रॉम्प्ट म्हणतात.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं, पोरी, मी दुसरं काय केलं?
दिवसा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची वजनं लिहिली,
रात्री विंगेत, स्टुलावर,
एका हातात वही, एका हातात दोन सेलचा टॉर्च,
राजाला राजाचं, दासीला दासीचं
वाक्य पुरवलं ओठांतल्या ओठांत.
मंडळाच्या पत्रिकेत शेवटची ओळ माझी:
प्रॉम्प्टर, जिनगोंडा मगदूम.
जागा पुरली नाही तर तीही नाही.

तरी पहिल्या रात्री चुकलोच.
'महोदय, कृपया एक कथा सांगावी, ही विनंती'
असा अर्ज केला.
त्यानंही अर्जासारखीच गोष्ट दिली,
एक प्रामाणिक लाकूडविक्या, शेवटी तात्पर्य.

दुसऱ्या रात्री नीट लिहिलं:
तू हरिपूरचा नावाडी. नाव शिदू आंबी.
वय साठ. डावा कान बहिरा.
संगमावरची शेवटची फेरी, वारणेकडून गार वारं.
मी एकटाच उतारू. खिशात पैसे नाहीत,
हे तुला अजून माहीत नाही.

तर तो म्हणतो,
'महाशय, आपण कोठे जाऊ इच्छिता?'
वर कृष्णेत लाटा उसळवतो,
काठाला नारळाची झाडं लावतो!

अरे, नारळ नाहीत, बाभळी.
लाटा नाहीत, पाणी जवळजवळ उभं.
आणि शिदू आंबी असं बोलेल काय?
'बसा की. हितं न्हवं, मधी बसा,'
असं म्हण.

म्हणाला. लगेच.
माझं चुकलं, असंही म्हणाला,
जे एकतीस वर्षांत एकाही नटानं म्हटलं नव्हतं.

पुढं त्यानं माझंच वाक्य बोलून टाकलं.
मी म्हणे ओक्साबोक्शी रडलो, त्याच्या खांद्यावर.
मी नाही रडलो.
लिहिलं, माझ्या तोंडचं मी बोलेन.
तू तुझं बोल आणि थांब.

मधेच बहिरा कान विसरला, कुजबुज ऐकायला लागला.
आठवण करून दिली.
हे तर नेहमीचंच काम.

आणि मग मध्यधारेत वल्हं थांबवून
त्यानं विचारलं,
'पावनं, पलीकडं कुणाकडं म्हणायचं?'

वाक्य माझं होतं.
सवयीनं डावीकडं बघितलं, विंगेत.
तिथं फ्रिज. त्यावर गॅसचं पुस्तक, भडंगाचा डबा.
पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत होती,
सेल उतरलेल्या टॉर्चसारखी.
कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही.
तो सकाळपर्यंत थांबला असता.

कवठेपिरानचा प्रयोग. तिसरा अंक.
माझी दोन पानं एकदम उलटली
आणि तवनाप्पा चौगुले उजेडात उभा राहिला
माझ्याकडं बघत,
टोपलीतला मासा बघतो तसा.
शिट्ट्या झाल्या, खडे आले.
त्यानं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही.
सगळे म्हणाले, विसरला.
मीही म्हणालो.

एकेका बोटानं लिहिलं:
'पलीकडं चौगुले ऱ्हातो, तवनाप्पा.
त्याचं एक वाक्य माझ्याकडं ऱ्हायलंय.'

पाणी हललं असावं. शिदू म्हणाला,
'ह्या कानाला काय सांगू नगा.
हिकडं सरका, आन् मोठ्यानं बोला.'

सरकलो. खरोखरच, खुर्चीत, रात्री दीड वाजता.
आणि लिहायच्या आधी ते वाक्य
खणखणीत म्हटलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.
शेजारी दिवा लागला.

पैशाचं त्याला
अजून सांगितलेलं नाही.