टेप

म्बाले, मंगळवार. खैन्झा बाकावर,
मांडीवर मुटोनी, पाच महिन्यांची,
डोळे सतत खाली उतरलेले,
मावळतीला टेकल्यासारखे.

गावात म्हणाले, नदीची नजर.
डॉक्टर ओकिरोर टाळूवर बोट ठेवतात,
नुसतं ठेवतात.
भरलेला जेरीकॅन न हलवता कळतो, तसं.

मग दुर्बीण, एवढंसं भोक
मेंदूच्या तळाशी.
पाण्याला वाट दाखवली, इतकंच.
नळी नाही घातली:
ती तुंबली तर
डोंगर उतरायलाच दोन दिवस.

मी टेप गुंडाळते.
सत्तेचाळीस.
गेल्या मंगळवारीही सत्तेचाळीस.
खैन्झा दोनदा विचारते, वाढलं नाही ना?
आणि हसते, तोंडावर हात धरून.

टाळू आता किंचित खोल.
विणून आणलेली पिवळी टोपी मात्र
अजून होत नाही.