निर्मितीचं वर्ष

खिडकीतली मुलगी फॉर्म पुढे सरकवते.
ट्रेलरचा निर्माता कोण? निर्मितीचं वर्ष?
मी म्हणते, थांब, सांगते.

आस एकाहत्तरचा. प्रोकोपचुकांच्या चाकांवरच्या घराखालचा.
घर जळालं, आस उरला.
त्यावर वितळलेल्या डांबराचे ओघळ अजून आहेत.
हौदा एक्क्याऐंशीचा, धान्याच्या ट्रकचा.
कोपऱ्यात मूठभर गहू सापडला,
दोन दाण्यांना मोड आलेले.
उचलणारा दट्ट्या एका कापणीयंत्राचा,
जे ओल्या सप्टेंबरात चिखलात रुतलं
आणि मालक ते तिथंच सोडून गेला, चावीसकट.
पंप कुणाचा ते बाप सांगत नाही.
नगरपालिकेच्या बर्फ लोटणाऱ्या ट्रकचा असावा,
कारण तो नारिंगी होता
आणि बापाने सगळ्यात आधी तोच खरवडला.

बापाचे हात आता थरथरतात.
दोन हिवाळे झाले, वेल्डिंगचा चिमटा धरवत नाही,
म्हणून तो खडू धरतो.
खडूची रेघ पत्र्यावरून लाटांसारखी जाते,
मी तिच्या मधोमध सरळ कापते
आणि तो असा बघतो, जणू वाकडं मीच कापलं.
सांधा थंड झाला की हातमोजा काढून बोट फिरवतो.
"कोंबडी चालून गेली," म्हणतो.
घासून काढ. पुन्हा.
पंधराव्या खेपेला काहीच म्हणाला नाही.
वेल्डिंगच्या कांड्यांना असतात तसे
त्याच्या गप्प बसण्याचेही नंबर आहेत.
हा कुठला ते मला कळलं.

मोडेन पण वाकणार नाही,
असं ज्याने कुणी म्हटलं
त्याने मॅनिटोबात, उणे तिसात,
बिजागरी ठोकलेली नसणार.
चांगलं लोखंड आधी वाकतं, सांगून सवरून.
वाकत नाही ते बीड,
आणि बीड काचेसारखं फुटतं.

"आस मागे घे," तो म्हणाला होता, "नऊ इंच."
मी कागदावर गणित केलं होतं. सहा पुरतात.

पहिली खेप तळ्याकाठच्या ओल्या चिकणमातीची.
बटण दाबलं, पंप कण्हला, हौदा उठला,
वीस अंश, तीस,
शेजारचा बोहदान टोपी काढून उभा,
आणि माती हलेना.
मागच्या बाजूला जाऊन बसली,
घरजावयासारखी.
मग पिकअपची मागची चाकं
जमिनीवरून हळूच सुटली.
खाली सावलीत निजलेली आमची म्हातारी कुत्री
उठली आणि निमूट दुसरीकडे गेली.
मी आत, स्टिअरिंग छातीशी,
समोरच्या काचेत आकाश नाही, नुसतं गवत.

बाप हसला नाही. ओरडलाही नाही.
लांब दांड्याचं फावडं घेऊन बाजूने आला,
एक ढेकूळ ओढलं, दुसरं ओढलं,
तिसऱ्याला सगळीच धपकन गेली.
पिकअप आदळली. माझी जीभ चावली गेली.

संध्याकाळी त्याने चौकटीवर रेघ मारली.
मी टेप लावून बघितला: पावणेनऊ.
"पाव इंच हाताचा," तो म्हणाला.
तेवढा धरून मी नऊवर कापलं.

मुलगी पेन वाजवतेय. मागे रांग.
वर्ष: यंदाचं लिहिते.
निर्मात्याच्या चौकोनात दोन नावं मावत नाहीत.
ओरेस्ट झापोतोचनी,
आडनावाचा शेवट रेघेबाहेर सांडतो.
"काही दोष?" ती विचारते.
ब्रेक मारला की जरा डावीकडे ओढतो.
"कोण?"
मी ट्रेलर असं सांगते.

बाहेर तो पिकअपमध्ये बसलाय,
रेडिओवर गव्हाचे भाव लावून,
आरशातून ट्रेलरवर नजर ठेवून,
कुणी चोरून नेईल म्हणून.
पंपाच्या खालच्या अंगाला
नखाएवढा नारिंगी रंग अजून आहे.
मी त्याला सांगितलेलं नाही.