तीन पायऱ्यांत

दर गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे साडेतीनला,
कारण डिसेंबरात इथे साडेतीनलाच दिवे लावावे लागतात,
पेट्रोलपंपामागच्या कॅफेत गाड्यांच्या सोयरिकी जुळतात.

गावाचं नाव उसिकाउपुंकी. म्हणजे नवं गाव.
वय चारशेच्या वर. यावर आता कुणी हसत नाही.

खेळ सोपा. एन्सिओ लोकरी टोपीतून दोन चिठ्ठ्या काढतो:
दोन जुन्या गाड्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या.
आपण नातं लावायचं, फार तर तीन पायऱ्यांत.
रंग सारखा, हे चालत नाही.
दोन्ही माझ्या मेव्हण्याकडे होत्या, हे तर मुळीच नाही.
नियम क्रमांक सात. तो राउनोमुळे करावा लागला.
जिंकणाऱ्याला वेलदोड्याचा गोड पाव.
मी कॅफे चालवते, खडूने गुण मांडते.

"साब शहाण्णव. मात्रा पाचशे तीस."
एक बर्फातून दूध पोचवणारी,
एक फ्रेंच, नटवी, उन्हाशिवाय बाहेर न पडणारी.
टाइस्टो कपसुद्धा खाली ठेवत नाही.
"फोर्ड. दोघींच्या पोटात फोर्डचंच व्ही-फोर."
एक पायरी. सख्ख्या बहिणी निघाल्या.

"मॉरिस मरिना. माझेराती."
आता कॅफे गप्प.
राउनो डोळे मिटतो,
भेंड्यांत नेमका 'ठ' वाट्याला यावा तसा.
मग बोटं उघडू लागतो:
मरिनाच्या दाराचं हँडल लोटस एस्प्रीला.
एस्प्रीचा गिअरबॉक्स सित्रोएन एसएमचा.
आणि एसएमचं इंजिन...
सगळं टेबल एका आवाजात: माझेराती!

गोठ्याची कडी थेट राजवाड्याला.
केवढा तोरा त्या गाड्यांचा रस्त्यावर,
आणि बघावं तर वाटीभर साखर आणावी शेजारून
तसे दिवे, कड्या, इंजिनं आणलेली.
मला हे कळतं तेव्हा बरं वाटतं. का, ते सांगता येत नाही.

कोपऱ्यात इर्या मोजे विणत बसते.
तिची बस पाच दहाला. ती खेळत नाही.

"पोर्शे बॉक्स्टर. लाडा समारा."
ह्या कुठे जुन्या, राउनो कुरकुरतो.
"पंचविशी उलटली," एन्सिओ म्हणतो, "गाडीला तेवढं म्हातारपण पुरे."
टाइस्टोला ठाऊक असतंच:
समाराच्या इंजिनासाठी पोर्शेच्या लोकांची मदत घेतली होती.
बरोबर. एक पायरी. मी खडू उचलते.

"त्याहून जवळचं आहे," इर्या म्हणते.
सुया थांबत नाहीत.
"सत्त्याण्णव साल. दोन्ही इथल्याच कारखान्यात.
मी दारांना रबर बसवायचे.
कधी ह्या रांगेत, कधी त्या.
पोर्शेच्या रांगेत अंगठीवर चिकटपट्टी लावायला सांगत,
रंगाला ओरखडा नको म्हणून.
लाडाच्या रांगेत कुणी सांगत नसे.
मी काढत नसे."

एन्सिओ नियमांची वही उघडतो.
माणूस हा सुटा भाग धरायचा का?
राउनो म्हणतो, हा सरळसरळ मेव्हणा झाला, नियम सात.
टाइस्टो म्हणतो, मेव्हण्याने चालवल्या. हिने घडवल्या.
राउनो म्हणतो, घडवल्या कसल्या, रबर लावलं.
यावर टाइस्टो उठून उभा राहतो.
मी फळ्यापुढे. शून्य पायऱ्या लिहू की एक?
की ज्या मोजायच्याच नाहीत अशा?

पाच वाजून सात मिनिटं.
इर्या लोकर गुंडाळते, टोपी घालते.
माझ्या दाराची पट्टी दोन हिवाळे सुटलेली,
तिथून वारा शीळ घालतो, आम्हाला ऐकूही येत नाही आता.
ती दारात थांबते.
अंगठ्याने, वरून खाली,
न बघता,
रबर खाचेत दाबत नेते.
आणि बाहेर जाऊन दार लावते.

खोलीत एकदम किती शांत.
राउनो पावाकडे हात नेतो,
मागे घेतो.