एकशे पासष्ट

मोराचा डोळा लाल निघतो,
तोही रोज नाही.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, सात नंबरच्या मागावर,
कधी भरदुपारी, कधी रात्रपाळीत,
निळ्या मोराला एकदम लाल डोळा फुटतो
आणि अख्खी चादर सेकंडात जाते.

जॉबर यादगिरी मेरगू म्हणाला,
सूत बघितलं, सुया बघितल्या, हुक बदलले,
आता तुमची डबी बघा की वो.

डबी म्हणजे माझाच प्रोग्राम.
दोन किलोबाइटची खोली.
वरून खाली उतरत येतो स्टॅक:
एक काम दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला,
जो तो परतीचा पत्ता ठेवून पायरी उतरतो.
तळाशी रचलेले रंगांचे आकडे.
मध्ये रिकामं.
किती रिकामं, ते मोजलं नव्हतं.
पुरेल, म्हणालो होतो.

चालत्या मागात डोकावता येत नाही.
आई विड्या वळायची, तेव्हा पानांत उंदीर शिरायचा.
ती झोपताना जमिनीवर ज्वारीचं पीठ भुरभुरायची.
उंदीर कधीच दिसला नाही.
कुठवर आला होता, ते सकाळी पिठात दिसायचं.

तसंच केलं.
रिकाम्या घरांत एकच आकडा पेरला, एकशे पासष्ट,
आणि माग सोडून दिला.
सकाळी तळापासून मोजत गेलो,
किती एकशे पासष्ट अजून तसेच?
पहिल्या रात्री छपन्न.
दुसऱ्या रात्री छपन्न.
तिसऱ्या रात्री तीन वीसला लाईट झपकली.
सकाळी एकही नाही.

पिसाऱ्यात पीस, पिसात डोळा,
तिथे प्रोग्राम सगळ्यात खोल उतरलेला,
आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट दारात: आधी माझं!
त्याचं सामानही त्याच खोलीत.
पाय पडला रंगांवर.

दुरुस्ती फार नव्हती.
नक्षीचा मोठा तक्ता तिथून हलवला.
इंटरप्टला सांगितलं, नाव टिपून जा, काम मागाहून.
आणि एक एलईडी बसवला,
शिल्लक शंभराच्या खाली गेली की लागणारा.

यादगिरी रोज विचारतो, आज किती?
दोनशे तीस.
दोनशे तीस काय?
पाऊल न पडलेल्या जागा.
तो तंबाखू मळत म्हणतो,
मग एवढी जागा रिकामी कशाला,
अजून एक मोर बसवा की.

लाल डोळ्याची चादर मी घेतली, सेकंडच्या भावात.
कशीही पांघरली तरी
डोळा पायाकडेच येतो.