धार नसलेलं पातं

नोव्हेंबर. वार्दोत दुपारी दोनलाच काळोख.
समुद्राखालच्या बोगद्यातून बस येते,
रिकामी होते, तशीच परत जाते.
माझ्या खोलीत एक खाट, एक हीटर,
आणि टॉवेलवर ओळीनं स्टीलची पाच पाती.
एकालाही धार नाही.

राग्नफ्रीद कोटातून आधी डावा हात सोडवते,
मग उजव्यावरून कोट सोलून काढते,
माशाची कातडी काढावी तसा.
मार्चपासून हात खांद्याच्या वर जात नाही.
मुलगी म्हणते, कपाटं खाली घे.
"कपाटांपुढे हात टेकू होय मी?"

एकतीस वर्षं कारखान्यात, कॉडच्या पट्ट्यावर.
पट्टा थांबत नाही, म्हणून मनगट थांबलं नाही,
मनगट थांबलं नाही, म्हणून खांदा.
ती पातं उचलते, सवयीनं अंगठा फिरवते कडेवर.
"याला धार कोण लावतं?"
कुणीच नाही.
"मग कसलं पातं हे!"

दंडाला मलम लावते. पातं तिरपं धरते.
कोपराकडून वर, वर,
गुळगुळीत, गुळगुळीत,
आणि एकाएकी खरखर.
ओल्या वाळूवरून होडी ओढावी तशी.
ती कानाला ऐकू येत नाही,
पात्यातून माझ्या अंगठ्यात चढते.
इथं?
ती दात आवळते. इथंच.

सुरगाठ नाही ही, की टोक ओढलं आणि सुटली.
निरगाठही नाही.
एकाच वळणाचं काहीतरी, अंगवळणी पडलेलं.
मी ते फोडते, असं तिला सांगत नाही.
कॉलेजात तसं शिकवायचे;
आता कुणी तितक्या खात्रीनं बोलत नाही.
बहुतेक आतल्या कुणाला एवढंच कळत असावं
की दार वाजतंय
आणि बाहेरचा माणूस भांडायला आलेला नाही.

कातडीवर लाल पुरळ उमटतं, वाळूएवढं.
उशीत तोंड खुपसून ती म्हणते,
"तुझी आई माझ्या उजव्या हाताला उभी असायची."
पुष्पराणी. जाफनाहून आलेली.
पहिल्या हिवाळ्यात एकावर एक दोन टोप्या घालणारी.
"तिच्याइतके झटपट काटे कुणीच काढले नाहीत.
माझी सुरी बोथट झाली, की न मागता
आपली पुढे करायची. आणि माझी बोथट घेऊन
तीच कापत राहायची, पाळी संपेपर्यंत."

हे मला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं ते एवढंच:
रात्री स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
सुपाच्या चमच्याच्या पाठीनं
आई स्वतःचाच दंड घासत बसायची.
खोबरेल तेलाचा वास यायचा, म्हणून कळायचं.
काय झालं? काही नाही.
सगळं अंगावर काढलं तिनं,
डॉक्टरला दाखवलं ते माझे दात.
मी त्रोम्सोला शिकून परत आले
तेव्हा फक्त चमचा उरला होता,
एका बाजूनं झिजलेला.

पातं हातात थांबलंय.
"झोपलीस का गं?" राग्नफ्रीद विचारते.
नाही. हात वर करा.

ती करते. खांदा ओलांडते. थरथरत
कानाच्या पाळीपर्यंत येते, तिथं अडते.
मागच्या खेपेपेक्षा चार बोटं जास्त.
वरचं फडताळ अजून लांब आहे,
तिलाही ते दिसतं.
"पिठाचा डबा नाही, पण मीठ येईल," म्हणते,
आणि कोट चढवताना
आधी दुखराच हात बाहीत घालते, विचार न करता.
मंगळवारी येते म्हणते. मासा आणते म्हणते, नको म्हटलं तरी.

पाती धुते, पुसते, टॉवेलात गुंडाळते.
घरी पोचते तोवर माझाच अंगठा ठणकायला लागलेला.
ड्रॉवर उघडते.
तेल कोमट करते.
दिवा लावते.