नमुना ७१४

दगडी पाला कुठेही उगवतो.
परळला आमच्या इमारतीच्या मागे,
जिथे एसीचं पाणी ठिबकतं आणि वॉचमन डबा विसळतो,
त्या भिंतीच्या फटीतही.
एवढंसं पिवळट फूल, देठ मात्र वीतभर,
गर्दीत मागे उभ्या राहिलेल्या बुटक्या माणसासारखं
टाचा उंचावलेलं.

मी तो आठच्या आत खुडते.
येणारेजाणारे विचारतात, भाजी का?
मी हो म्हणते. हो म्हटलं की माणसं पुढे जातात.

मग सात दिवस सावलीत, रद्दीवर.
मग खल, मग मद्यार्क, मग गाळणं.
पिशवीभर पाल्याचा शेवटी
बाटलीच्या बुडाला चिकटून राहतो काळपट हिरवा लगदा,
काकवीसारखा. दोन चमचे. धरून चाला.

नमुना ७१४ उणे ऐंशी अंशात झोपलेला असतो.
ताटलीवर पसरला की रात्रीतून जागा होतो,
हिरवट साय धरतो,
आणि झाकण जरा कलतं केलं
तरी द्राक्षांचा वास येतो. पिकलेल्या, गोड द्राक्षांचा.
गेल्या पावसाळ्यात मी त्याच्यासमोर औषधं मांडली होती,
टिकलीएवढ्या कागदी चकत्या, प्रत्येकीवर दोनतीन अक्षरं.
तो सगळ्यांच्या अगदी कडेपर्यंत चालत आला.
अहवालात एकाखाली एक
आर. आर. आर. आर.
दाद देत नाही, असा त्याचा अर्थ.
दाद मागायला वरचं कोर्ट नाही.

आज अर्काच्या चकतीभोवती एक वर्तुळ होतं.
सारवलेल्या अंगणासारखं, त्यात काही न उगवलेलं.
पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
शेजारी नुसत्या द्रावकाची चकती, तिच्याभोवती नऊ.
म्हणजे पाल्याच्या वाट्याला दोन.
दोन मिलिमीटर म्हणजे
तांदळाच्या दाण्याची रुंदी.
मी तरीही पुन्हा मोजलं. पट्टी पुसून पुन्हा.

तेवढ्यात दारात आरोलकरबाई.
पिवळी पिशवी, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.
नवरा दारूखान्यात जहाजं तोडायचा,
पत्रा पायावर पडला, एवढंच निमित्त.
खालच्या खिडकीतून त्यांना वर पाठवलं होतं, वरून परत खाली,
मग कुणीतरी चुकून आमच्या मजल्यावर.
म्हणाल्या, "बाई, त्यांचं काही राहिलंय का इथे?"

राहिलंय.
तिसऱ्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या कुपीत.
मी म्हटलं, एक्सरे असेल, बघते.

त्या स्टुलावर बसल्या. पंख्याकडे बघत म्हणाल्या,
"गावाला असतो तर दगडीचा पाला चोळून लावला असता.
इथे कुठे मिळणार!
शेवटी शेवटी पायाला द्राक्षांचा वास यायचा, बघा.
मला वाटलं, घाण नाही येत, म्हणजे बरं होतंय."

मी एक्सरे दिला.
पायाची बोटं मोकळी पसरलेली, हाडं धड.
नुसत्या हाडांना काहीच झालं नव्हतं.
सही कुठे करायची ते दाखवलं.
त्यांनी नाव सावकाश काढलं,
'आ'ला काना देताना पेन अडकलं, मी दुसरं दिलं.
खिडकीतून खाली बोट दाखवणं एवढंच उरलं होतं,
ती बघा, भिंत, तिथे.
नाही दाखवलं.

संध्याकाळी कान्हूमामा ताटल्या गोळा करायला आला.
सगळ्या त्याच्या वाफेच्या हंड्यात जातात,
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं,
त्यानंतर कुणीच कुणाचं नसतं.
"ही पण?" त्याने विचारलं.
राहू दे आजची रात्र, म्हटलं.
सुगंधाची बाटली असावी तशी त्याने ती
दोन बोटांनी उचलली, नाकापासून लांब,
आणि परत ठेवली.

नोंदवहीत लिहिलं: अर्क ११, द्रावक ९.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं, पुन्हा करून पाहणे.

खाली उतरले तर पालिकेची माणसं
फावड्याने भिंत खरवडत होती.
रोपं, शेवाळ, विड्यांचे डाग, सगळं एका घमेल्यात.
मी विचारलं, यातलं थोडं घेऊ?
मुकादम हसला.
"भाजी का?"